वापरणारे लाखो, राखणारा एकटा

सूरह अल-माऊन आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच पाठ झालेली असते. अवघ्या सात आयतींची ही सूरह मकतबमधील मुले सुरुवातीलाच शिकतात आणि पुढे आयुष्यभर नमाजमध्ये पढतात. अनाथाला धक्के देऊन हाकलणारा, गरिबाला अन्न देण्यास इतरांना प्रवृत्त न करणारा, नमाजविषयी गाफील राहून केवळ लोकांना दाखविण्यासाठी ती पढणारा, अशा माणसांचा तिच्यात निषेध आहे. परंतु सूरह ज्या शब्दावर संपते तो 'माऊन' हा शब्द फार घरगुती आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ सांगताना बादली, हंडी, कुऱ्हाड अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांत उसन्या मागितल्या जाणाऱ्या वस्तूंचा उल्लेख केला आहे. हजरत अली (रजि.) यांच्याकडून 'जकात' असाही अर्थ नोंदविला गेला आहे. पहिला अर्थ घेतला की मन थबकते. नमाजमधील गफलत, दिखावा आणि शेजाऱ्याला बादली न देणे या गोष्टी एकाच ओळीत बसविलेल्या आहेत. बादली दिल्याने देणाऱ्याचे फारसे काही जात नाही. आणि म्हणूनच ती अडवून ठेवणाऱ्याचे मन किती आक्रसलेले असेल, हे तिथे उघडे पडते.

आजच्या काळात अशी एक बादली आहे, जी हजार वेळा उसनी दिली तरी झिजत नाही आणि देणाऱ्याच्या घरातूनही हलत नाही. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. ते ज्या मूळ मजकुरात लिहिले जाते त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा मजकूर कुलूपबंद ठेवतात आणि केवळ वापरण्याची परवानगी विकतात. याउलट काही लोक तो उघडा ठेवतात. कोणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लोकांपुढे ठेवले, आणि १९९८ पासून 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झाले. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय कामकाजात ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

हा विषय धर्मशिक्षणाच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी भाषांतरासह पवित्र कुरआन मोबाइलवर उघडून पाहावा. एकाच पानावर उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी ओळ आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी ओळ दिसते. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना वेगवेगळे रूप घेते. मराठीत 'कि' टंकताना वेलांटी नंतर दाबली जाते, पण दिसते ती आधी; 'क' आणि 'ष' जोडले की 'क्ष' हे निराळेच अक्षर उभे राहते. कोणते रूप कुठे बसवायचे हे ठरविणारी हार्फबझ नावाची एक आज्ञावली आहे. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फहबोद यांनी अनेक वर्षे खपून ती उभी केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सर्वांत अक्षरे जुळविण्याचे काम तीच करते.

आमचे रामटेक कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाचे गाव. १९९७ पासून इथे संस्कृतचे अध्यापन आणि संशोधन चालते. तिथल्या एखाद्या अभ्यासकाने फोनवर पाच व्यंजनांचे जोडाक्षर वाचले आणि त्याच गावातील मकतबच्या मुलाने आपल्या फोनवर सूरह फातिहा वाचली, तर दोघांसाठी अक्षरे जुळवून देणारी आज्ञावली एकच. दोघांनाही तिचे नाव ठाऊक नसते. कुणी तिचे शुल्क भरलेले नसते.

अक्षरांच्या वळणांचीही हीच कथा. कैरोच्या अमीरिया छापखान्याचे नस्ख वळण जाणकारांना ठाऊक आहे. १९२४ सालचा प्रसिद्ध कैरो मुसहफ याच छापखान्यातून निघाला. ते वळण इजिप्तचे खालिद हुसनी यांनी 'अमीरी' या नावाने संगणकासाठी नव्याने घडविले आणि मुक्त परवान्याखाली देऊन टाकले. मुंबईच्या एक टाइप या अक्षरनिर्मिती संस्थेने देवनागरीसाठी 'मुक्ता' हे वळण तसेच खुले केले. 'तन्जील' हा प्रकल्प २००७ साली सुरू झाला. कुरआनच्या मजकुराची काटेकोर पडताळणी करून तो संगणकीय रूपात सर्वांना देणे हे त्याचे काम. त्याची अट अशी की मजकूर कोणीही घ्यावा, पण त्यातील एकही अक्षर बदलू नये आणि तो कोठून घेतला ते सांगावे. ज्यांना कधी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडण्याचा प्रसंग आला असेल, त्यांना या कामाचे मोल सांगावे लागणार नाही. तो फॉन्ट विकत घेतलेला नसेल तर पत्रिका काय, निकाहनामा काय, सगळ्याचा गचाळ चिन्हांचा ढीग होतो.

इस्लामी परंपरेत या प्रकारच्या देण्याला एक जुने, भक्कम रूप आहे. ते म्हणजे वक्फ. मदीनेतील रूमा विहिरीचे पाणी मालक विकत असे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हजरत उमर (रजि.) यांना खैबरची जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने त्यांनी मूळ जमीन राखून ठेवली आणि तिचे उत्पन्न लोकांसाठी सोडले, जमीन विकायची नाही, कोणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. पुढे फुकहांमध्ये प्रश्न निघाला की वक्फ केवळ जमीनजुमल्याचाच होतो की हलविता येणाऱ्या वस्तूंचाही? इमाम मुहम्मद (रह.) यांनी लोकांत रूढ असलेल्या वस्तूंचा वक्फ मान्य केला, आणि त्या संदर्भात ज्या वस्तूंची नावे येतात ती पाहण्यासारखी आहेत. कुऱ्हाड, फावडे, करवत, हंडे, जनाजा, कुरआनच्या प्रती. म्हणजे पुन्हा माऊनच.

मुक्त आज्ञावली हा शास्त्रार्थाने वक्फ आहे असा फतवा देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. तिच्यावर लेखकाचा हक्क कायम असतो आणि तो परवान्याच्या अटीवर वापरास देतो, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. पण साम्य डोळ्यांत भरणारे आहे. १९८९ सालच्या ग्नू परवान्याची मुख्य अट अशी की तुम्ही ही आज्ञावली बदलून पुढे दिलीत तर मूळ मजकुरासह आणि त्याच मोकळीकीने द्या. जे खुले मिळाले ते कुलुपात घालून दुसऱ्याला विकू नका. रूमाची विहीर एकदा खुली झाल्यावर तिच्याभोवती पुन्हा भिंत घालण्याचा हक्क कोणालाही उरत नाही, तसेच हे. आणि वक्फ करणाऱ्याची शर्त किती काटेकोरपणे पाळावी याविषयी फुकहांनी जे लिहिले आहे ते ज्याने वाचले आहे, तो अशा परवान्याकडे दुर्लक्ष करणार नाही.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. तालुक्याच्या गावांतून पत्रिका, पाट्या, निकाहनामे छापणाऱ्या कितीतरी संगणकांवर चोरलेली आज्ञावली चालते. 'सगळेच करतात' हे तिचे समर्थन. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ सालीच ठराव करून लेखन, शोध आणि व्यापारचिन्ह यांवरील हक्क शरीअतला मान्य असल्याचे आणि त्यांचा भंग करणे वैध नसल्याचे सांगितले आहे. स्वतः बनविलेली आज्ञावली किंमत लावून विकणे हा हलाल व्यापार आहे आणि तो करणाऱ्यावर रोष धरण्याचे कारण नाही. पण ज्याला ती किंमत परवडत नाही त्याच्यापुढे चोरी किंवा अडाणीपणा हे दोनच मार्ग नाहीत. तिसरा मार्ग कोणीतरी आपल्या झोपेच्या वेळात खपून मोकळा करून ठेवला आहे. लिब्रेऑफिस मराठीतून मिळते. ती कशी वापरावी हे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीत समजावून दिले आहे. बरकतीची चिंता करणाऱ्या घराने निदान एकदा तिकडे वळून पाहावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात. जे फुकट मिळते ते खाणाऱ्यांची गर्दी होते आणि ते शिजविणाऱ्याची कोणाला आठवण राहत नाही. रामटेकपासून पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंत जे जुने तलाव पसरले आहेत, त्यांचे हेच झाले. कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी आणि इतरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधले होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते 'माजी मालगुजारी' तलाव झाले, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. पाणी सर्वांचे होते, ते तसेच राहिले. पण पाळीवर लक्ष ठेवणारा, दरवर्षी गाळ काढविणारा कोण, हे ठरले नाही. अनेक तलाव गाळाने भरले. मालगुजारी पुन्हा यावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न मालकीचा नव्हताच, राखणीचा होता.

संगणकाच्या जगातही पाळ फुटते. ओपनएसएसएल ही मुक्त आज्ञावली इंटरनेटवरील बँका, दुकाने, टपाल यांचे व्यवहार गुप्त ठेवण्याचे काम करते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात एक गंभीर दोष सापडला आणि जगभर खळबळ माजली. चौकशी करता दिसले की तिची देखभाल मूठभर लोक करीत होते आणि या कामासाठी येणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर इतक्याच होत्या. जिच्यावर जगाचा व्यापार चाललेला, तिच्या राखणदारांना जगाने वर्षभरात दिलेली ही खिरापत. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये असा अंदाज मांडला की मुक्त आज्ञावल्या अस्तित्वात नसत्या तर कंपन्यांना सॉफ्टवेअरवर आजच्या साडेतीन पट खर्च करावा लागला असता. म्हणजे उपभोगाचा हिशेब आहे. भरपाईचा मात्र नाही. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी, घेताना माप पुरेपूर भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या व्यापाऱ्यांना जो इशारा आहे, तो धान्याच्या मापापुरताच आहे असे समजण्याचे कारण दिसत नाही.

त्याहून बोलका प्रसंग २०२४ सालचा. एक्सझेड नावाची, फायली लहान करणारी एक छोटी आज्ञावली फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. 'जिया टॅन' हे नाव धारण केलेल्या कोणीतरी सुमारे अडीच वर्षे त्यांना मदत करून विश्वास संपादन केला. त्याच काळात काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर तक्रारींचा भडिमार केला. काम हळू चालते, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मनःस्थिती बरी नसते आणि हे काम आपण हौसेने, मोबदल्याविना करतो, असे त्यांनी कळविलेही. अखेर त्या मदतनीसाच्या हाती अधिकार गेले आणि त्याने आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो असा प्रश्न पडला. तो शोधत गेला आणि चोर सापडला.

या घटनेवरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की पाहा, कोणीही लिहिलेली आज्ञावली वापरण्यात असा धोका असतो. तो निष्कर्ष घाईचा आहे. मजकूर उघडा होता म्हणूनच बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले. कुलूपबंद आज्ञावलीत ग्राहकाला अर्ध्या सेकंदाचा उशीर सोसण्यापलीकडे काही करता येत नाही. मात्र उघडेपणा आपोआप रक्षण करतो असेही म्हणता येणार नाही. पाहणारा डोळा लागतो, आणि या वेळी तो एका चिकाटीच्या माणसाचा होता, कोणत्याही व्यवस्थेचा नव्हता. आपल्या परंपरेला हे नवे नाही. हदीस कोणीही सांगितली म्हणून स्वीकारली गेली नाही. कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी, त्या साखळीतील प्रत्येकाच्या स्मरणाची आणि चारित्र्याची छाननी, यांवर मुहद्दिसांनी आयुष्ये वेचली. मुक्त आज्ञावलीतही प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, कोणी तपासून घेतला, याची नोंद राहते. साखळी उपलब्ध आहे. ती तपासणारे कमी आहेत, आणि जे आहेत ते थकलेले आहेत.

त्या तक्रारींची भाषा एवढी परिणामकारक का ठरली, हा प्रश्न या लेखकाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण ती परिचयाची होती. खोट्या नावांनी लिहिणाऱ्यांनी खरे ग्राहक रोज जसे बोलतात तसेच लिहिले. फुकट दिलेल्या वस्तूविषयी हुकमी स्वरात विचारणे, उत्तर दोन दिवस आले नाही की अपमान करणे, एका तारकेचा शेरा मारून मोकळे होणे. नमाजच्या वेळा दाखविणाऱ्या मोफत ॲपखाली आपल्याच बांधवांनी लिहिलेले शेरे वाचावेत. वेळ दोन मिनिटांनी निराळी दिसली की बनविणाऱ्याच्या ईमानावरच शंका घेतली जाते. फज्र आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेलेला धरायचा याविषयी वेगवेगळ्या संस्थांची गणिते वेगवेगळी आहेत आणि असरच्या वेळेत हनफी-शाफई फरक आहे, हे माहीत करून घेण्याची तसदी कोणी घेत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये बहुधा तो पर्याय समोरच असतो. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या आशयाची हदीस मस्जिदीत ऐकताना सर्वांच्या माना डोलतात.

कोणी म्हणेल, त्यांनी स्वेच्छेने दिले, मोबदला मागितला नाही, मग आपल्यावर बोजा कसला? कराराच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी हा आदेश ठरलेल्या मजुरीविषयी आहे. इथे ती ठरलेलीच नाही. पण हजरत उमर (रजि.) यांच्या त्याच खैबरच्या वक्फात आणखी एक कलम होते. जो या जमिनीची देखभाल करील त्याने तिच्यातून रीतीप्रमाणे स्वतः खावे, मित्रालाही खाऊ घालावे. धन साठवू नये एवढेच. त्यात त्याच्यावर दोष नाही. म्हणजे दान सर्वांसाठी खुले आहे आणि म्हणून राखणदाराने उपाशी राहावे, असा अर्थ ज्यांनी दान केले त्यांनीच काढला नाही. जो मुक्त आज्ञावली सांभाळून त्यासाठी देणगी मागतो किंवा एखाद्या कंपनीकडून पगार घेतो, त्याला 'सेवा म्हणता आणि पैसे घेता' असे टोमणे मारणाऱ्यांनी हे कलम वाचावे. उपकाराची परतफेड उपकाराशिवाय आणखी काय असू शकते, असा प्रश्न सूरह अर-रहमानमध्ये विचारला आहे.

हे काम करणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत, कोणताही धर्म न मानणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे आपले त्यांच्याशी काय नाते, असा संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रेषितत्वापूर्वी मक्केत पीडितांच्या बाजूने उभे राहण्यासाठी जो करार झाला, त्या हिल्फुल फुजूलमध्ये प्रेषित (स.) सहभागी होते आणि इस्लामनंतरही तशा करारासाठी बोलावले तर आपण येऊ, असे त्यांनी सांगितले. करार करणाऱ्यांत तेव्हा कोणीही मुसलमान नव्हता.

आपल्या घरांना काय करता येईल? पैशाचा भाग आधी. जकातचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत. आज्ञावलीच्या देखभालीसाठी जकात देता येईल का, हे आपल्या मुफ्तींना विचारल्याशिवाय ठरवू नये, आणि गरीब शेजारी असताना तिकडे वळूही नये. नफली सदका मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. माणूस मरण पावल्यावरही ज्या तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते त्यांत सदका-ए-जारिया आणि ज्याचा लोकांना लाभ होतो ते ज्ञान, या दोन्ही आहेत. लहानशी मुक्त आज्ञावली या दोहोंच्या सीमेवर उभी असते. रमजानमध्ये मस्जिदीला पंखा देणारे घर, ज्या ॲपवर वर्षभर तिलावत केली त्याच्या राखणदाराला शंभर रुपये पाठवू शकते. मोठ्या मदरशांनी आणि प्रकाशनसंस्थांनी, ज्यांची सगळी छपाई अमीरी किंवा मुक्ता वळणात होते त्यांनी, पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर त्या वळणाचे नाव छापले तरी सुरुवात होईल.

पैशाहून मोठी गरज माणसांची आहे. रामटेकला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नागपूर तासाभराच्या अंतरावर आहे; आपली मुले-मुली तिथे संगणक शिकत आहेत. पण त्यासाठी संगणकाची पदवीच हवी असे नाही. लिब्रेऑफिसची मराठी जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेक शब्द करून उभी केली आहे, आणि तिच्यात चुकाही आहेत. मराठी शब्दशुद्धी तपासणाऱ्या यादीत वुजू, सहर, इद्दत, महर यांसारखा आपल्या घरचा एखादा शब्द नसेल आणि त्याखाली लाल रेघ उमटत असेल, तर ती यादी उघडी आहे. शब्द, त्याचे लेखन आणि अर्थ लिहून पाठविता येतो. अरबी ओळीत एखादी हरकत जागेवर बसत नसेल तर तक्रारही करावी, अवश्य करावी. फक्त ती करताना कोणता फोन, कोणती आयत, कोणते अक्षर, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे लिहावे, सोबत चित्र जोडावे आणि आरंभी सलाम किंवा नमस्कार घालावा. पलीकडे बहुधा एकच माणूस असतो आणि दिवसभराची नोकरी आटोपून, मुले झोपल्यावर तो ती वाचत असतो.